वाचकांचे प्रश्न : फूटीतली पहिली दोन वर्षं

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे तिथल्या बोलीत नुसतं ‘फूटी’, या खेळाविषयी वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : अठराव्या वर्षी एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे या खेळाची सर्वोच्च स्पर्धा) क्लबात निवडला गेलेला मुलगा पुढे नेमकं काय करतो, आणि त्यातले बरेचसे दोन-तीन मोसमांत दिसेनासे का होतात?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान लंबवर्तुळाकार आणि प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू. सामना २० मिनिटांच्या चार पावांचा, शिवाय वाया गेलेला वेळ वाढवून मिळतो. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबामधून गेला तर ‘बिहाइंड’, १ गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. १५ मीटरपेक्षा लांबून लाथाडलेला चेंडू अधांतरी झेलला की ‘मार्क’, आणि मग निवांत लाथ मारायला मिळते.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगा १६ वर्षांचा आहे, उपनगरातल्या क्लबकडून खेळतो. प्रशिक्षक म्हणतात, पोरगा पुढे जाईल. पुढे म्हणजे कुठे?

व्हिक्टोरियात ‘पुढे’ याचा अर्थ बहुतेक वेळा कोट्स टॅलेंट लीग. १९९२ पासून चालत आलेली ही अठरा वर्षांखालची स्पर्धा, जुने लोक अजून तिला ‘टीएसी कप’च म्हणतात. तुम्ही कुठे राहता त्यावरून मुलाचा संघ ठरतो : ओकली चार्जर्स, सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, काल्डर कॅनन्स, वेस्टर्न जेट्स, नॉर्दर्न नाइट्स, ईस्टर्न रेंजेस, आणि शहराबाहेर जिलाँग फाल्कन्स, बेंडिगो पायोनियर्स, गिप्सलँड पॉवर वगैरे. मोसमाच्या आधी बराच मोठा गट सरावाला बोलावला जातो, तो छाटत छाटत मार्चपर्यंत छोटा होतो. पहिल्या छाटणीत गळलेला मुलगा मोसमाच्या मध्यात परत बोलावला जाणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा त्याने स्थानिक क्लबचा सराव सोडू नये.

मुलगा मोठ्या खासगी शाळेत असेल तर एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. शाळांच्या आपसातल्या स्पर्धेचा मोसम चालू असताना मुलाला शाळेकडूनच खेळावं लागतं आणि टॅलेंट लीगमध्ये तो आधी-नंतर दिसतो. निवड करणारे शाळेचे सामनेही बघतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण दोन्हीकडचा सराव एकाच आठवड्यात कोंबला तर अंग बोलतं.

त्यावरची पायरी म्हणजे अठरा वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा. तिथे व्हिक्टोरियाचे दोन संघ असतात, मेट्रो आणि कंट्री. साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे एकेक, आणि बाकीच्या प्रदेशांचा मिळून ‘अलाइज’. एएफएलच्या क्लबांचे निवड अधिकारी इथे सगळ्यात बारकाईने बघतात. राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडून घेणं, नोव्हेंबरमध्ये होतो आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला १८ पूर्ण व्हायला हवीत. या नियमाचा एक परिणाम घरच्यांच्या लक्षात येत नाही : जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच ड्राफ्टला उभे राहतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे पाच-सात किलो वजन आणि खांद्यांची रुंदी. तुमचा मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला असेल आणि पहिल्या खेपेला राहिला, तर आणखी एक वर्ष ‘ओव्हरएजर’ म्हणून खेळणं कमीपणाचं मुळीच नाही.

मराठी घरांनी चौकशी करावी अशी आणखी एक वाट आहे. क्लबांच्या ‘नेक्स्ट जनरेशन अकॅडमी’ २०१६ पासून चालू आहेत. आदिवासी मुलांप्रमाणेच, आई किंवा वडील आशियात वा आफ्रिकेत जन्मलेले असतील अशी मुलंही या योजनेसाठी धरली गेली. कुठला भाग कुठल्या क्लबचा हे ठरलेलं असतं, आणि त्या भागातला मुलगा दुसऱ्या क्लबने ड्राफ्टमध्ये मागितला तर मूळ क्लब आपल्या निवडक्रमांकांचे गुण मोजून त्याला स्वतःकडे ठेवू शकतो. तपशील दर एक-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून ओळखीच्या माणसाला न विचारता थेट क्लबच्या अकॅडमीला लिहून विचारा. आणि लवकर विचारा. सतराव्या वर्षी जाग आली तर अकॅडमीच्या सरावाची वर्षं हातातून गेलेली असतात.

प्रश्न : ड्राफ्ट कम्बाइनमध्ये काय तपासतात? मी १७ वर्षांचा आहे, तयारी कधीपासून करू?

आधी हे समजून घे की कम्बाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना, नाव आपण होऊन देता येत नाही. पुरेशा क्लबांनी तुझ्यात रस दाखवला तरच बोलावणं येतं. राष्ट्रीय कम्बाइन ऑक्टोबरच्या सुमारास मेलबर्नला होतो, राज्यांचे वेगळे असतात. २० मीटरची धाव, दिशा बदलण्याची चाचणी, जागेवरून उंच उडी, धावत येऊन उंच उडी आणि शेवटी २ किलोमीटरची धाव. त्याशिवाय डॉक्टरी तपासणी आणि क्लबांच्या मुलाखती.

२० मीटर ३ सेकंदांच्या आत म्हणजे खरोखर वेगवान. २ किलोमीटर साधारण ६ मिनिटांत किंवा त्याआधी संपवणारा मधल्या फळीचा खेळाडू सगळ्यांच्या नजरेत भरतो. उंच, भारी मुलांकडून तेवढी अपेक्षा नसते.

मुलं चुकतात ती २ किलोमीटरमध्ये. पहिले ४०० मीटर जोशात ७० सेकंदांच्या आत काढतात आणि पुढचा किलोमीटर पाय ओढत काढतात. ६ मिनिटांसाठी ४०० मीटरचा प्रत्येक फेरा ७२ सेकंदांचा. बारा आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे पाच फेरे याच वेगाने धाव. मध्ये सुरुवातीला दोन मिनिटं थांब आणि ही विश्रांती हळूहळू ३० सेकंदांवर आण. वेग वाढवायचा नाही, थांबणं कमी करायचं. २० मीटरसाठी मात्र थकलेल्या पायांनी सराव करून काही मिळत नाही. सहा धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण विश्रांती, एवढं पुरे. या चाचण्यांनी तुझा क्रमांक पाच-दहा जागांनी वरखाली होईल. तुला घ्यायचं की नाही हे मात्र वर्षभराच्या सामन्यांवर बरंचसं ठरलेलं असतं.

प्रश्न : ड्राफ्टमध्ये पहिल्या दहात येणं आणि साठावं येणं, यात पुढे खरंच फरक पडतो का?

पडतो, पण आपल्याला वाटतो तिथे नाही. आदल्या मोसमात सगळ्यात खाली राहिलेला क्लब पहिली निवड करतो. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलावर क्लबाने मोठी किंमत मोजलेली असते, म्हणून त्याला संधी लवकर मिळते आणि त्याच्या चुका जास्त काळ खपवून घेतल्या जातात. शेवटच्या फेरीतल्याला तेवढी उसंत नसते. मैदानावर एकदा जम बसला की क्रमांक कुणी विचारत नाही. एसेंडनचा जेम्स हर्ड १९९० च्या ड्राफ्टमध्ये ७९ वा होता आणि १९९६ मध्ये ब्राउनलो पदकाचा, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाचा, मानकरी झाला. कॉलिंगवुडचा डेन स्वान २००१ मध्ये ५८ वा आला, त्याला ब्राउनलो मिळालं २०११ मध्ये.

बापाच्या क्लबातून आलेल्या मुलांचं गणित वेगळं. वडिलांनी एखाद्या क्लबकडून किमान १०० वरिष्ठ सामने खेळले असतील तर त्या क्लबाला मुलावर पहिला हक्क सांगता येतो. निक डेकॉस २०२१ मध्ये असाच चौथ्या क्रमांकावर कॉलिंगवुडकडे आला.

प्रश्न : निवड झालेला मुलगा लगेच मुख्य संघात का दिसत नाही? अठरा वर्षांचा धडधाकट मुलगा असतो की!

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण पहिल्या दोन वर्षांचं सगळं मर्म इथे आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी निवड होते आणि काही दिवसांतच मुलगा क्लबच्या मैदानावर असतो. अनुभवी खेळाडू तेव्हा सुट्टीवरून परतत असतात. नाताळपर्यंतचे आठवडे आणि मग जानेवारी-फेब्रुवारी, म्हणजे भर उन्हाळ्यातला सराव. शाळेचं वर्ष संपवून आलेला मुलगा आठवड्याला तीन-चार वेळा, प्रत्येक खेपेला दहा किलोमीटरच्या आसपास धावायला लागतो, वर जिममध्ये वजनं. एएफएलच्या सामन्यात मधल्या फळीचा खेळाडू १२ ते १४ किलोमीटर धावतो, तेही थांबत, वळत, धडका घेत. स्नायू हे ओझं काही आठवड्यांत उचलू लागतात. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात, आणि या दोन वेगांमधल्या तफावतीतूनच पहिल्या वर्षाच्या बहुतेक दुखापती उगवतात. पायाच्या मधल्या नाविक हाडाला ताणाची चीर जाते, पाठीच्या कण्याच्या खालच्या मणक्यांवर ताण येतो, जांघेतल्या हाडाच्या सांध्याला सूज येते, पिंढऱ्या आणि मांडीचा मागचा स्नायू पुन्हा पुन्हा फाटतो.

म्हणून चांगले क्लब नव्या मुलाला मुद्दाम मागे धरतात. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये जीपीएसचं छोटं यंत्र असतं. एकूण अंतरापेक्षा त्यातले वेगात धावलेले मीटर जास्त महत्त्वाचे. एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात हे मीटर एकदम वाढू द्यायचे नाहीत, असा साधा दंडक असतो. पहिल्या उन्हाळ्यात बऱ्याच मुलांना मुख्य गटाच्या सरावातला ठरावीकच भाग करायला देतात आणि बाकी वेळ बाजूला सायकलवर किंवा पोहण्याच्या तलावात घालवायला लावतात. मुलाला हे अपमानास्पद वाटतं. पायाच्या वरच्या बाजूला बोट दाबल्यावर दुखतंय हे तो लपवतो, कारण पुढच्या आठवड्यात सराव सामना असतो. नाविक हाडाची चीर सुरुवातीला कळली तर काही आठवडे पायावर भार न देता भरून येऊ शकते. लपवली, हाड तुटलं, तर स्क्रू घालावे लागतात आणि आख्खा मोसम जातो. दोन वर्षांच्या करारातलं एक वर्ष गेलं की उरलं काय?

दुसरी चूक वजनाची. समोरचे गडी ९० किलोचे, आपण ७६ चे, तेव्हा पोरगा जिममध्ये हात धुऊन मागे लागतो. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार किलो वाढणं ठीक. आठ किलो चढवून आलेला मुलगा टॅकलमध्ये, म्हणजे पकडून रोखण्याच्या झटापटीत, टिकतो पण तिसऱ्या पावात त्याचे पाय संपतात, आणि ज्या चपळाईसाठी त्याला घेतलं होतं तीच हरवून बसतो. खांदे, मान, कंबर आणि नितंब आधी, दंड नंतर. मान मजबूत असणं या खेळात दिसण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

मोसम मार्चमध्ये सुरू झाला की शनिवारी सामना असेल तर आठवडा साधारण असा जातो : रविवारी थकवा उतरवणारे व्यायाम, बर्फाचं पाणी, मसाज. सोमवारी चित्रफिती बघून चुका आणि हलकी वजनं. मंगळवारी किंवा बुधवारी मुख्य सराव, मधला एक दिवस सुट्टी, गुरुवारी छोटा पण वेगवान सराव, शुक्रवारी अर्ध्या तासाची उजळणी. शिकणाऱ्या मुलांसाठी तो मधला सुट्टीचा दिवस कॉलेजचा असतो. त्यांनी तो खरोखर कॉलेजमध्येच घालवावा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : आमच्या आवडत्या क्लबातला नवा मुलगा राखीव संघात दर आठवड्याला पंचवीस-तीस वेळा चेंडूला हात लावतो, तरी वर घेत नाहीत. हा अन्याय नाही का?

राखीव संघ म्हणजे व्हिक्टोरियात, आणि आता सिडनी-ब्रिस्बेनकडच्या क्लबांसाठीही, व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग). ॲडलेडच्या दोन्ही क्लबांचे राखीव खेळाडू साउथ ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएल स्पर्धेत खेळतात, पर्थकडचे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या डब्ल्यूएएफएलमध्ये. तिथे चेंडू मिळवणं तुलनेने सोपं, कारण मैदानावर मोकळी जागा जास्त मिळते. वरचे प्रशिक्षक तो आकडा बघतच नाहीत असं नाही, पण चित्रफितीत त्यांची नजर वेगळ्या जागी असते. चेंडू आपल्याकडे नसताना मुलगा कुठे उभा आहे? चेंडू हुकल्यावर मागे फिरून किती जोरात धावतो? टॅकल खांदा आणि गुडघा यांच्यामध्येच बसतो का, की मानेवर जाऊन फुकटची फ्री किक देतो? दबावाखाली नावडत्या पायाने लाथ मारायची वेळ आली तर गोल वळून आवडत्या पायावर येतो का? हे वळणं राखीव संघात खपतं. वरच्या संघात तेवढ्या एका सेकंदात अंगावर माणूस येतो आणि ‘होल्डिंग द बॉल’ची, म्हणजे पकडला गेल्यावर चेंडू न सोडल्याची, शिट्टी वाजते.

जागेचाही प्रश्न असतो. क्लबच्या यादीत साधारण ४२ ते ४४ खेळाडू, सामन्याला लागतात २३. नव्या मुलाला बहुतेक हाफ-बॅक (बचावाची पुढची रांग), हाफ-फॉरवर्ड (हल्ल्याची मागची रांग) किंवा विंगवर (मैदानाच्या मध्यात, कडेला) सुरुवात करून देतात. हाफ-बॅकला खेळ समोर दिसतो, पाठीमागून धडक कमी बसते, चेंडू हातात घेऊन विचार करायला क्षणभर जास्त मिळतो. नॉर्थ मेलबर्नचा हॅरी शीझल पुढच्या फळीचा खेळाडू म्हणून २०२२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला, पहिल्या मोसमात त्याला हाफ-बॅकला खेळवलं आणि २०२३ चा रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम नवोदित खेळाडू, तोच झाला.

उंच मुलांनी मात्र कॅलेंडर बाजूला ठेवावं. रक म्हणजे चेंडू वर उडाल्यावर उडी मारून झुंजणारा दोन मीटरचा गडी, त्याला समोरच्या तीस वर्षांच्या माणसाच्या गुडघ्या-कोपराशी गाठ घालायची असते. मेलबर्न क्लबचा मॅक्स गॉन २००९ च्या ड्राफ्टमध्ये ३४ वा, पहिला सामना २०११ मध्ये, मध्ये गुडघ्याचं दुखणं. ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या, संघात तो पहिल्यांदा आला २०१६ मध्ये आणि २०२१ मध्ये कर्णधार म्हणून त्याने अजिंक्यपद उचललं. त्याला दोन मोसमांत जोखलं असतं तर?

प्रश्न : रायझिंग स्टारसाठी कोण पात्र असतं?

मोसमाच्या १ जानेवारीला २१ वर्षांखालचा, आणि मोसम सुरू होताना दहा किंवा त्याहून कमी वरिष्ठ सामने खेळलेला खेळाडू. दर फेरीला एकाचं नामांकन होतं आणि शेवटी विजेत्याला रॉन इव्हान्स पदक मिळतं. १९९३ मध्ये हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान नेथन बकलीने मिळवला.

प्रश्न : मी उजव्या पायाने मारतो. मोकळ्या वेळेत गोल होतात, पण सामन्यात मार्क घेतल्यावर मारलेला चेंडू नेहमी उजवीकडे जातो.

लाथेचा दोष पायात कमी आणि चेंडू सोडणाऱ्या हातात जास्त असतो. ‘ड्रॉप पंट’मध्ये चेंडूचं टोक वर, दोन्ही हातांची बोटं बाजूंवर पसरलेली. उजव्या पायाने मारणाऱ्याने उजव्या हाताने चेंडू मांडीच्या रेषेतून खाली न्यायचा आणि कमरेच्या खाली, शक्य तितक्या उशिरा सोडायचा. बोटं खाली ताणलेली, घोटा घट्ट, चेंडू पावलाच्या वरच्या हाडाळ भागावर. नीट बसला तर तो मागच्या बाजूला फिरत सरळ जातो.

उजवीकडे जाण्याची नेहमीची कारणं दोन. छातीच्या उंचीवरून सोडलेला चेंडू खाली येईपर्यंत पायाच्या रेषेबाहेर सरकतो आणि पाऊल त्याच्या डाव्या अंगाला लागतं. किंवा धाव वाकडी येते : सुरुवात गोलच्या रेषेत, शेवटची तीन पावलं डावीकडून उजवीकडे तिरकी, आणि कंबर उजवीकडे उघडते. सामन्यातच हे का होतं? लाथ मारायला ३० सेकंद मिळतात, घाईची गरज नसते. तरीही छाती धापत असताना मुलगा दहाव्या सेकंदालाच धावत सुटतो.

उपाय असा. मागे जाताना पावलं मोज, दर वेळी तितकीच. जाहिरातीचा फलक किंवा प्रेक्षकांतली एखादी खूण गोलच्या मधोमध धर आणि मार्कच्या जागेवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून सरळ त्याच रेषेत ये. सरावात आधी ३० मीटरवरून समोर दहा लाथा, मग दोन्ही बाजूंना तिरक्या जागेवरून दहा-दहा. त्यातल्या अर्ध्या तरी शंभर मीटर जोरात धावून आल्यावर लगेच मार. वहीत प्रत्येक चुकलेली लाथ डावीकडे की उजवीकडे एवढंच लिही. महिन्याभरात दोष स्वतः बोलू लागेल.

प्रश्न : डोक्याला मार लागल्यावर पुतण्या ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि खेळायला निघतो. किती दिवस थांबवावं?

एएफएलमध्ये कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचं, ठरलं की लवकरात लवकर बाराव्या दिवशी परत खेळता येतं, तेही सगळे टप्पे पार केले तर. स्थानिक आणि वयोगटाच्या फूटीत हीच मुदत किमान २१ दिवसांची आहे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं-सायकल, मग धाव, मग धडक नसलेला सराव. डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच धडकांचा सराव आणि सगळ्यात शेवटी सामना. कुठल्याही टप्प्यावर डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास परत आला तर एक पायरी मागे. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं मत आहे आणि मार त्याच्या मेंदूलाच लागलेला आहे. त्याचं ऐकू नका.

प्रश्न : पहिल्या करारात पैशांची बोलणी करता येतात का? एजंट हवाच का?

ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचा पहिला करार ठरीव साच्याचा असतो. एएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या सामूहिक करारातून मूळ पगार ठरतो, वर प्रत्येक वरिष्ठ सामन्याची वेगळी रक्कम. राष्ट्रीय ड्राफ्टमधून आलेल्याला किमान दोन वर्षांची हमी असते. म्हणजे एजंटला तेव्हा घासाघीस करायला फारसं काही नसतं. तो लागतो दुसऱ्या कराराच्या वेळी. घ्यायचाच तर खेळाडू संघटनेची मान्यता असलेलाच घ्या, आणि त्याच्या हाताखाली किती खेळाडू आहेत हे विचारा. ज्याच्याकडे फारच आहेत त्याला यादीतल्या चाळिसाव्या खेळाडूसाठी फोन उचलायला वेळ नसतो.

पगाराची एक खोच घरच्यांना सांगून ठेवावीशी वाटते. सामन्याचे पैसे धरून घरभाडं ठरवू नये. दुखापत झाली किंवा राखीव संघात गेला की ते थांबतात, घरभाडं थांबत नाही. आणि पैज : एएफएलच्या कुठल्याही सामन्यावर, महिलांच्या सामन्यांसह, खेळाडूला पैसे लावता येत नाहीत. उद्या संघात कोण नाही ही बातमी मित्राला सांगणं हासुद्धा गुन्हाच धरतात. अठरा वर्षांच्या मुलांचे मित्र नेमकं हेच विचारतात.

प्रश्न : पर्थच्या मुलाला मेलबर्नचा क्लब घेतो. मुलाला नकार देता येतो का? आणि तो तिथे राहतो कुठे?

ड्राफ्टला नाव दिलं की जो क्लब घेईल तिथे जायचं. बाहेरगावच्या मुलांना क्लब बहुतेक वेळा पहिल्या वर्षी एखाद्या यजमान कुटुंबाकडे ठेवतो. जेवण, धुणं, सरावाला सोडणं, सगळं तिथून. मुलं लवकर स्वतंत्र खोली घ्यायला उतावीळ असतात. आमचा सल्ला पहिला मोसम पूर्ण यजमानांकडेच काढण्याचा आहे. संध्याकाळी पाचला सराव संपतो आणि झोपेपर्यंतचे पाच तास रिकामे असतात, घरची आठवण खाते ती त्या पाच तासांत. यजमान घरी टेबलावर कुणीतरी असतं. आईवडिलांनी भेटीचे दिवस आधी ठरवून ठेवावेत, तेही मुख्य संघाच्या सामन्यावर अवलंबून न ठेवता. ‘तू संघात आलास की येऊ’ असं सांगितलं की मुलाला न निवडलं जाणं दुप्पट लागतं.

प्रश्न : भाच्याला दोन वर्षांनी, विसाव्या वर्षी, क्लबाने यादीतून काढलं. आता काय?

दरवर्षी नवी मुलं घेणं क्लबांना भागच असतं, आणि यादी ठरलेल्या आकड्यापुढे जात नाही. तीन आले की तीन जातात. यात भाच्याच्या खेळाचा दोष किती आणि क्लबाला त्या जागी आधीच तिघे होते म्हणून किती, हे त्याने निरोपाच्या बैठकीतच स्पष्ट विचारावं. ते उत्तर पुढे उपयोगी पडतं.

लगेचचे रस्ते असे. यादीतून काढलेला खेळाडू कुठल्याही क्लबशी थेट करार करू शकतो. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय ड्राफ्ट, त्यामागून रूकी ड्राफ्ट, म्हणजे यादीतल्या नवशिक्यांच्या जागांसाठीची निवड. तिथेही नाव आलं नाही तर उन्हाळ्यात एखाद्या क्लबात सरावाला जाऊन, मोसमाआधीच्या पूरक निवडीतून रिकामी जागा मिळवता येते. आणि मग २०१९ पासून पुन्हा सुरू झालेला मोसमाच्या मध्यातला रूकी ड्राफ्ट, मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला. त्यात घेतलेल्याला सहा किंवा अठरा महिन्यांचा करार मिळतो.

मार्लियन पिकेट त्याच २०१९ च्या ड्राफ्टमधून साउथ फ्रीमँटलहून रिचमंडला आला, २७ वर्षांचा असताना. त्याचा पहिला एएफएल सामना त्या वर्षीची ग्रँड फायनल होती. ग्रँड फायनलमध्ये पदार्पण १९५२ नंतर कुणीच केलेलं नव्हतं. रिचमंड जिंकलं. मॅट प्रिडिस राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये न निवडला गेल्याने सुबियाकोकडून डब्ल्यूएएफएल खेळत राहिला, वेस्ट कोस्टने त्याला रूकी म्हणून घेतलं, आणि २०१४ मध्ये ब्राउनलो पदक त्याच्या गळ्यात पडलं.

भाच्याने या हिवाळ्यात व्हीएफएल, एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएलचा असा संघ निवडावा जिथे त्याला त्याच्या खऱ्या जागेवर दर आठवड्याला पूर्ण सामना खेळायला मिळेल. एएफएल क्लबाच्या राखीव संघात करारबद्ध मुलांना आधी जागा द्यावी लागते, बाहेरच्याला उरलेली मिळते. स्वतंत्र संघात तसं नसतं. एप्रिल आणि मे हे दोन महिने सगळ्यात महत्त्वाचे, कारण मध्य-मोसमाच्या ड्राफ्टसाठी निवड अधिकारी तेव्हाच या मैदानांवर फिरतात, आणि त्या ड्राफ्टसाठी नाव वेळेत नोंदवायला विसरलेला मुलगा कितीही खेळला तरी त्याला घेता येत नाही.